वाद पडद्यावर, अबोला घरात

मित्रमंडळींच्या बैठकीत राजकारणाचा विषय काढायचा नाही, असा एक अलिखित नियम मुंबईच्या उपनगरांत अलीकडे रूढ झाला आहे. अंधेरी-बोरिवलीच्या गृहनिर्माण संस्था घ्या की मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या चाळींच्या जागी उभे राहिलेले मनोरे घ्या, शेजाऱ्यांच्या व्हॉट्सॲप समूहांवर तर हा नियम पुष्कळदा लेखी स्वरूपातही आढळतो. सणांच्या शुभेच्छा, पाणी येण्याच्या वेळा आणि गाड्या लावण्याच्या जागा यांखेरीज कोणी काही लिहू नये, राजकीय मजकूर टाकणाऱ्यास समूहातून काढण्यात येईल, असे तेथे बजावलेले असते. नियम करणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. वर्षानुवर्षांचे स्नेह एखाद्या पक्षफुटीपायी तुटल्याची उदाहरणे त्यांनी पाहिलेली असतात. पण याच घरांत रात्री नऊच्या सुमारास दूरचित्रवाणी लावली की सहा चौकटींत सहा माणसे एकाच वेळी ओरडताना दिसतात आणि तिला ‘महाचर्चा’ म्हणण्याचा प्रघात आहे. घरात वाद नको म्हणून आपण मौन पाळतो आणि वाद करण्याचे काम पडद्यावरच्या भाडोत्री आवाजांवर सोपवतो. या विभागणीत लोकशाहीचे जे नुकसान होते, त्याचा विचार व्हायला हवा.

ही स्थिती पूर्वीपासूनची नाही. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा संच महाग होता, त्यासाठी परवाना काढावा लागे, आणि चाळीत किंवा इमारतीत एखाद्याच घरी तो असे. संध्याकाळी त्या घराच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडे आणि आत शेजारीपाजारी दाटीवाटीने बसत. कार्यक्रम मोजके, वाहिनी एकच आणि तीही सरकारी. राजकीय वादाला तिच्यावर जवळजवळ जागाच नव्हती. ६ फेब्रुवारी १९७७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर विरोधकांची मोठी सभा होती, तेव्हा त्याच वेळी दूरदर्शनने ‘बॉबी’ हा चित्रपट दाखवला आणि तरीही मैदान भरले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. त्याच निवडणुकीपासून मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी आणि दूरदर्शनवर आपली भूमिका मांडण्यासाठी वेळ मिळू लागला. ती भाषणे रूक्ष असत. कागदावरून वाचलेली, कोणी प्रश्न न विचारलेली. परंतु ती ऐकणारे लोक एकत्र बसलेले असत, आणि त्यांची मते एक नसत. गिरणीतला कामगार, पालिकेतला कारकून, शाळामास्तर आणि दुकानदार एकाच खोलीत बसून तेच भाषण ऐकत. भाषण संपल्यावर जी चर्चा होई ती पडद्यावरच्या मजकुरापेक्षा कितीतरी अधिक जिवंत असे.

या आठवणीला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. त्या खोलीतही सर्वांना सारखा आवाज नव्हता. संच ज्याच्या घरचा, त्याच्या मताला जरा अधिक वजन असे. बायका बहुधा आतल्या खोलीत चहाच्या आधणाजवळ, आणि तरुणांनी मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये असा दंडक. ज्यांना त्या घरात पाऊल टाकण्यास संकोच वाटे अशी माणसेही त्याच चाळीत होती. तेव्हा एकत्र पाहणे म्हणजे समतेने पाहणे असे मुळीच नव्हते. तरीही त्या बैठकीत एक गोष्ट आपोआप घडे, आणि तीच आज दुर्मिळ झाली आहे. ज्याचे मत आपल्याला पटत नाही त्याच्या मांडीला मांडी लावून तेच दृश्य पाहावे लागे आणि त्याच्या चेहऱ्यावर त्याचा परिणामही दिसे. विरोधी मताला चेहरा होता, नाव होते, आणि उद्या सकाळी नळावर त्याची गाठ पडणार होती.

परदेशात या माध्यमाने राजकीय वादाला वेगळेच वळण दिले. अमेरिकेत २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे केनेडी आणि निक्सन हे अध्यक्षपदाचे दोन उमेदवार दूरचित्रवाणीवर समोरासमोर आले. त्या निवडणुकीत असे चार वाद झाले. पुढे मात्र १६ वर्षे अध्यक्षपदाच्या अंतिम उमेदवारांमध्ये असा वाद झालाच नाही. तो १९७६ साली फोर्ड आणि कार्टर यांच्यात पुन्हा सुरू झाला, आणि त्या पहिल्याच वादात ध्वनियंत्रणा बिघडल्यामुळे दोघेही उमेदवार सुमारे २७ मिनिटे आपापल्या जागी मुकाट उभे राहिले. अलीकडे, २७ जून २०२४ रोजी झालेल्या बायडन-ट्रम्प वादात एकाची पाळी चालू असताना दुसऱ्याचा ध्वनिक्षेपक बंद ठेवण्याची व्यवस्था होती आणि समोर प्रेक्षक नव्हते. त्या रात्रीनंतर चार आठवड्यांच्या आत, २१ जुलै रोजी, बायडन यांनी उमेदवारी सोडली. अशा वादात सारेच काही श्रेयस्कर असते असे नाही. चेहरा, पोशाख आणि चटपटीत वाक्य यांचे तेथे अवाजवी स्तोम माजते. परंतु ज्याला सत्ता हवी आहे त्याने स्वतः उभे राहून प्रतिस्पर्ध्याला उत्तर द्यायचे, प्रवक्त्याला पाठवायचे नाही, हे तत्त्व मोलाचे आहे. आपल्याकडे मे २०२४ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती मदन लोकूर आणि अजित शहा व संपादक एन. राम यांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी आणि राहुल गांधी यांना अशा जाहीर वादाचे निमंत्रण दिले होते. राहुल गांधींनी ते स्वीकारले, पण वाद झाला नाही. आपली पद्धत संसदीय आहे, अध्यक्षीय नाही, हा त्यावरचा आक्षेप अगदीच निराधार नव्हे. पण मग संसदीय पद्धतीतला वाद तरी आपण नीट पाहतो का, हा प्रश्न उरतोच.

तो आपण पाहिला आहे, आणि एकत्र बसून पाहिला आहे. १९९४ च्या डिसेंबरपासून संसदेचा प्रश्नोत्तराचा तास दूरदर्शनवर थेट दिसू लागला. मे १९९६ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांच्या तेरा दिवसांच्या सरकारवरील विश्वासदर्शक ठरावाची चर्चा देशाने थेट पाहिली. १७ एप्रिल १९९९ रोजी त्यांचेच सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले, तोही क्षण लोकांनी पडद्यावरच अनुभवला. कचेऱ्यांतून, उपाहारगृहांतून, विजेच्या उपकरणांच्या दुकानांसमोर घोळके करून लोक ते पाहत होते. त्या चर्चांचे वैशिष्ट्य असे की वक्ता आपले म्हणणे मुद्देसूदपणे, अर्धा-पाऊण तास मांडू शकत होता. मध्ये व्यत्यय येत, गोंधळ होई, पण बोलण्याची पाळी अध्यक्ष ठरवत. ज्या पक्षाचा आपल्याला तिटकारा आहे त्याच्या पुढाऱ्याचे संपूर्ण भाषण ऐकण्याची पाळी श्रोत्यावर येई, आणि पुष्कळदा ‘माणूस आपला नाही, पण बोलला बरा’ अशी कबुली बैठकीत निघे. अशी कबुली देता येणे हे राजकीय प्रौढत्वाचे लक्षण आहे.

महाराष्ट्राच्या बाबतीत याहून अलीकडचे आणि अधिक बोलके उदाहरण आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली आणि २९ जूनच्या रात्री उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा जाहीर केला. तेव्हापासून मराठी वृत्तवाहिन्यांवर महिनोन् महिने दुसरा विषय नव्हता. खरी शिवसेना कोणती, गद्दार कोण आणि निष्ठावंत कोण, यावर रोज रात्री रणकंदन चाले. त्याच काळात, २७ सप्टेंबर २०२२ पासून, सर्वोच्च न्यायालयाने घटनापीठापुढील कामकाज थेट दाखवण्यास आरंभ केला आणि पहिल्याच दिवशी जी प्रकरणे दिसली त्यांत हा खटलाही होता. पुढे फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींसमोर कपिल सिब्बल, अभिषेक मनू सिंघवी, हरीश साळवे, नीरज किशन कौल, महेश जेठमलानी आदी विधिज्ञांचे युक्तिवाद दिवसेंदिवस चालले. विषय तोच, पक्ष तेच. पण येथे प्रत्येकाला बोलण्यास वेळ होता, आणि न्यायमूर्ती दोन्ही बाजूंना तितकेच टोचरे प्रश्न विचारत होते. ११ मे २०२३ रोजी निकाल आला, तोही कोणा एका बाजूला पूर्ण आनंद देणारा नव्हता. राज्यपालांनी बहुमत चाचणी बोलावणे समर्थनीय नव्हते, असे न्यायालय म्हणाले. परंतु ठाकरे चाचणीला सामोरे न जाता पायउतार झाल्यामुळे त्यांचे सरकार परत आणता येणार नाही, हेही त्याच निकालाने सांगितले. प्रतोद नेमण्याचा अधिकार विधिमंडळ पक्षाचा नसून राजकीय पक्षाचा, आणि अपात्रतेचा निर्णय विधानसभाध्यक्षांनी करावा, असेही त्यात होते. ज्यांनी ही सुनावणी मित्रांबरोबर बसून पाहिली, त्यांना दोन्ही बाजूंच्या मनुष्याला आपापले दुबळे दुवे कोठे आहेत हे कळले. ज्यांनी केवळ रात्रीची चर्चा पाहिली, त्यांना आपलीच बाजू बरोबर असल्याची खात्री आणखी एकदा पटली.

वृत्तवाहिन्यांची चर्चा अशी का होते, हे समजून घेतले पाहिजे. केवळ निवेदकांच्या स्वभावाला दोष देऊन भागणार नाही. घाटकोपरमध्ये काय घडले ते शोधण्यास वार्ताहर, छायाचित्रकार आणि आठवडाभराचा वेळ लागतो. चार प्रवक्ते बोलावून तासभर भांडण लावण्यास यांपैकी काहीच लागत नाही. वाहिन्यांचे पोट जाहिरातींवर, आणि जाहिराती प्रेक्षकसंख्येच्या मोजमापावर. हे मोजमाप २०२० च्या सुमारास देशभरातील केवळ ४४ हजारांच्या आसपास घरांत बसवलेल्या यंत्रांवरून होत असे. दूरचित्रवाणी असलेली घरे वीस कोटींच्या घरात धरली, तर एकेका घराच्या आवडीनिवडीवर सुमारे साडेचार हजार घरांची गणना चालली होती. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये या मोजणीतील कथित गैरप्रकारांबाबत मुंबई पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आणि वृत्तवाहिन्यांची आकडेवारी मार्च २०२२ पर्यंत स्थगित राहिली. आवाज चढला की बोट थांबते आणि बोट थांबले की आकडा चढतो, एवढेच ज्या व्यवस्थेला कळते, तिच्याकडून संयमाची अपेक्षा कशी करावी?

वृत्तपत्रे अशा भांडणाला ‘कलगीतुरा’ म्हणतात. तो त्या शब्दावर अन्याय आहे. कलगी आणि तुरा या शाहिरी परंपरेतील दोन बाजू होत. एका बाजूने कूट घालायचे आणि दुसरीने त्याची उकल करून मगच आपला सवाल टाकायचा, अशी त्या सामन्याची रीत. समोरच्याचा सवाल समजलाच नाही, तर जबाब देणार कसा? आपल्या जुन्या शास्त्रग्रंथांतही आधी पूर्वपक्ष मांडायचा, तोही प्रतिपक्षाला मान्य होईल इतक्या प्रामाणिकपणे, आणि मग उत्तर द्यायचे अशी शिस्त होती. वाद घालण्याची कला आपल्याला अपरिचित नाही. आपण ती पडद्यावरून उतरवून ठेवली आहे, एवढेच.

या आरड्याओरड्यात उपनगरांचे स्वतःचे प्रश्न कोठे जातात ते पाहावे. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला. पूल ७ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाला, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा बर्फीवाला पुलाशी त्याची पातळीच जुळत नसल्याचे सर्वांना दिसले. पूर्ण पूल वाहतुकीस मिळण्यास मे २०२५ उजाडला. पूर्व-पश्चिम ये-जा करणाऱ्या नोकरदारांनी, शिक्षकांनी, विद्यार्थ्यांनी ही वर्षे कशी काढली ते त्यांनाच ठाऊक. घाटकोपर येथे १३ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ माणसे मृत्युमुखी पडली. फलक सुमारे १२० फूट लांब आणि तितकाच उंच होता. पालिकेच्या नियमाप्रमाणे मर्यादा ४० फुटांची. जागा लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील, म्हणून आमची परवानगी घेतलीच नव्हती, असे पालिकेचे म्हणणे. हद्द कोणाची, परवाना कोणाचा आणि तपासणी कोणाची, हा या दोन्ही घटनांमधील खरा प्रश्न आहे. दुर्घटनेनंतर आठवड्याभराने, २० मे रोजी, त्याच भागात लोकसभेचे मतदान होते. त्यामुळे कोणत्या पुढाऱ्याचे कोणाशी लागेबांधे होते यावर आरोप-प्रत्यारोपांचा पाऊस पडला, आणि हद्दीचा प्रश्न चिखलात रुतला.

याच काळात मुंबई महापालिकेत लोकनियुक्त नगरसेवक नव्हते. मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. जवळजवळ चार वर्षे २२७ प्रभागांना कोणी जाब विचारण्याजोगा प्रतिनिधी नव्हता, प्रशासक कारभार पाहत होते. देशातील या सर्वांत श्रीमंत पालिकेचा अर्थसंकल्प सभागृहातील चर्चेविना मंजूर होत राहिला. पडद्यावरच्या रात्रीच्या वादांनी या मौनाची भरपाई केली असती, तर त्यांचा आवाजही क्षम्य ठरला असता. आणि आपणही मित्रांच्या बैठकीत त्याविषयी बोलायचे टाळत असू, तर दोष केवळ वाहिन्यांचा कसा?

मित्रांशी बोलून काय होणार, असे विचारणाऱ्यांसाठी एक आकडा पुरेसा आहे. ४ जून २०२४ रोजी मुंबई वायव्य मतदारसंघाची मोजणी झाली. अंधेरी, जोगेश्वरी, गोरेगाव हा सारा त्यातला परिसर. रवींद्र वायकर हे अमोल कीर्तिकर यांच्यापेक्षा ४८ मतांनी पुढे राहून निवडून आले. दोघांनाही साडेचार लाखांहून अधिक मते होती. ४८ मते म्हणजे एका मध्यम इमारतीतील मतदारांहूनही कमी. निकाल कोणाला गोड लागला आणि कोणाला कडू, हा येथे मुद्दा नाही. एका जिन्यावरील चार बिऱ्हाडे त्या दिवशी मतदानाला गेली की नाही, आपसांत काय बोलली आणि काय बोलली नाहीत, याला लोकसभेच्या एका जागेइतके वजन होते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

राजकारण काढले की मैत्री तुटते, हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. माणसाला उतारवयात नवे मित्र मिळत नाहीत. एखादा जुना सोबती गमावण्यापेक्षा जीभ आवरलेली बरी, असे कोणी म्हटल्यास त्याला दोष कसा द्यावा? परंतु मैत्री बहुधा मतभेदाने तुटत नाही, ती तयार वाक्यांनी तुटते. रात्री नऊ वाजता प्रवक्त्याच्या तोंडून ऐकलेले कुत्सित वाक्य सकाळी आपण मित्राला ऐकवतो, तेव्हा मित्राशी आपण बोलतच नसतो, आपल्या तोंडून तो प्रवक्ता बोलत असतो. भ्रमणध्वनीच्या पडद्याने यात भर घातली आहे. ७ वाजून ५२ मिनिटांच्या जलद लोकलमध्ये शेजारी बसलेले दोघे प्रवासी कानांत यंत्रे घालून दोन परस्परविरोधी चर्चांचे तुकडे पाहत असतात, आणि त्यांचे खांदे मात्र एकमेकांना टेकलेले असतात. वेगवेगळे पाहून आलेली माणसे भांडतात. एकच गोष्ट पाहिलेल्यांना निदान कशाविषयी बोलायचे ते समान असते.

तेव्हा उपाय मोठा नाही, पण तो करायला हवा. मतभेद असलेल्या चार मित्रांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून एखादी चर्चा पूर्ण पाहावी: संसदेतील, विधिमंडळातील किंवा घटनापीठापुढील. तुकडे नकोत, आरंभापासून अखेरपर्यंत. पाहून झाल्यावर आधी प्रत्येकाने आपल्या विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा कोणता ते सांगावे, आणि ती बाजू मानणाऱ्याने ‘हो, माझे म्हणणे हेच’ असे म्हटल्यावरच पुढे जावे. आणि या बैठकीत घरातील स्त्रियांना आणि तरुणांना चहा देण्यापुरते नव्हे, बोलण्यासाठी जागा असावी. जुन्या बैठकीचे गुण घेताना तिचे दोष उचलण्याचे कारण नाही.

शिक्षकांच्या हाती याहून अधिक आहे. शाळा-महाविद्यालयांतील वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांत विद्यार्थी ठरावाच्या बाजूने किंवा विरुद्ध पाठ केलेले भाषण म्हणतो आणि ढाल घेऊन घरी जातो. त्याच विद्यार्थ्याला अर्ध्या तासाने उलट बाजू मांडायला लावले, तर त्याला जे कळेल ते ढालीने कळणार नाही. उपनगरांतील संस्थांनीही आपले काम ओळखावे. पार्ल्याची लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून उभी आहे, मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ आहे, बोरिवलीपर्यंत व्याख्यानमालांची परंपरा आहे. एका वक्त्याने दीड तास बोलायचे आणि शेवटी आभारप्रदर्शन, या साच्यात या व्यासपीठांना अडकवून ठेवू नये. निवडणुकीच्या काळात, प्रचाराची मुदत संपण्यापूर्वी, प्रभागातील सर्व उमेदवारांना तेथे एकत्र बोलावावे. प्रत्येकाला सारखा वेळ, पाळी नसताना ध्वनिक्षेपक बंद, आणि प्रश्न पुलाचे, पाण्याचे, फलकांचे. जो येणार नाही त्याची खुर्ची रिकामी ठेवावी. ती सभागृहाला दिसू द्यावी.

वाहिन्या सुधारतील तेव्हा सुधारतील. त्यांचा आकडा ज्या दिवशी शांत चर्चेने चढेल, त्या दिवशी त्या आपोआप शांत होतील, आणि तो आकडा शेवटी आपल्याच घरांतून जातो. तोवर निदान आपल्या दिवाणखान्यातील वाद भाड्याने देण्याचे आपण थांबवू शकतो. येत्या निवडणुकीत आपल्या इमारतीतील दुसऱ्या मताच्या शेजाऱ्याचे दार वाजवून ‘आज भाषण आहे, आमच्याकडे बसून ऐकू या का?’ असे विचारण्याचे धैर्य किती जण दाखवतात, यावर आपल्या लोकशाहीची प्रकृती ओळखता येईल.